मानवाधिकारांचे यूएन रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

भाची इथेच इंदुरात एलएलएम करतेय. तिचा पेपर आहे हुकूमशाही किंवा युद्ध संपून लोकशाही येत असलेल्या देशांत बाहेरचे लोक मानवाधिकारांवर लक्ष कसं ठेवतात यावर. परवा रामबागेत आमच्याकडे आली, मी पोहे खाता खाता ड्राफ्ट वाचायला घेतला आणि दुसऱ्याच पानावर पेन्सिल मागितली. नंतर तिच्या मैत्रिणींचेही ड्राफ्ट आले, त्यात पण सेम घोळ, म्हणून लिहून टाकते.

सगळ्यात जास्त गडबड नेपाळवर. तिने लिहिलेलं, "अनमिनने लष्कराच्या छळाचे प्रकार उघड केले." अगं बाई, अनमिन म्हंजे नेपाळमधलं यूएनचं मिशन, ते आलं जानेवारी 2007 मध्ये, आणि त्यांचं काम लष्कर नि माओवादी दोन्ही बाजूंची हत्यारं-छावण्या बघणं नि संविधानसभेच्या निवडणुकीला मदत करणं, माओवादी लढवय्यांचा 19,602 हा आकडा पडताळून दिला तो त्यांनी. छळ, बेपत्ता माणसं हे बघायला यूएनच्याच मानवाधिकार उच्चायुक्तांचं वेगळं ऑफिस होतं, ते 2005 मध्येच, म्हंजे राजाने सगळी सत्ता हातात घेतलेली असतानाच काठमांडूत बसलं, आणि करारात त्यांना आधी न कळवता कोठडीत जाऊन बघायची मुभा होती. काठमांडूतल्या महाराजगंजच्या लष्करी बराकीवरचा मे 2006 चा रिपोर्ट त्यांचा. 2003 मध्ये तिथे डांबलेली माणसं महिनोन्‌महिने डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवलेली, त्यातल्या 49 जणांचा पुढे पत्ताच नाही. सुटून आलेल्यांशी बोलून बोलून हे जुळवलंय, तो रिपोर्ट मूळातून वाचाच. आता घोळ का होतो तर इयन मार्टिन आधी या ऑफिसचे प्रमुख होते आणि नंतर अनमिनचे. नावावरून ठरवू नका, हे काम कोणी दिलंय आणि काय बघायला दिलंय ते रिपोर्टच्या सुरुवातीलाच असतं, पण ती पानं कोणी वाचतच नाही भिया.

निवडणुकीचे निरीक्षक आणि मानवाधिकारांवर लक्ष ठेवणारे हे लोक एकच समजू नका. निरीक्षक मतदानाच्या आगेमागे येतात नि जातात. एल साल्वाडोरमध्ये यूएनचं ओनुसाल मिशन मानवाधिकारांवर लक्ष ठेवायला जुलै 1991 मध्ये कामाला लागलं तेव्हा युद्धबंदी पण झाली नव्हती, शांतता करार जानेवारी 1992 चा आणि निवडणूक 1994 ची. तुमची टाइमलाइन मतदानापासून सुरू होत असेल तर अर्धी गोष्ट गेलीच.

आकडे. बांगलादेशवर फेब्रुवारी 2025 चा यूएन रिपोर्ट म्हणतो 1 जुलै ते 15 ऑगस्ट 2024 मध्ये, सरकारविरोधी आंदोलनाच्या काळात, 1,400 पर्यंत माणसं मारली गेली असावीत. ड्राफ्टमध्ये झालं "1,400 मारले गेल्याचं सिद्ध झालं". "पर्यंत" खाऊ नका, आणि "सिद्ध" तर नकोच, असे रिपोर्ट "मानायला पुरेसा आधार आहे" इतपतच बोलतात, गुन्हा सिद्ध करणं कोर्टाचं काम.

"यूएन असून हिंसाचार झालाच कसा?" हे वाक्य पण काढा. पूर्व तिमोरमध्ये 30 ऑगस्ट 1999 ला यूएननेच मतदान घेतलं, 78.5 टक्के इंडोनेशियापासून स्वातंत्र्याच्या बाजूने, पण बंदोबस्ताची जबाबदारी करारानेच इंडोनेशियाकडे दिलेली! नंतर जाळपोळ झाली तेव्हा मिशनकडे अडवायला हातात काही नव्हतं. चूक कोणाची ते लिहा, जरूर लिहा, पण कराराचा कागद समोर ठेवून.

बाकी किरकोळ: जिनिव्हाची मानवाधिकार परिषद म्हंजे 47 देश, उच्चायुक्तांचं ऑफिस वेगळं, स्पेशल रॅपोर्टर म्हंजे परिषदेने नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञ, तो पगारी यूएन कर्मचारी नसतो, अॅम्नेस्टी ही स्वयंसेवी संस्था तर यूएनची नाहीच.

आणि काळ तपासा. नेपाळचं ते ऑफिस डिसेंबर 2011 मध्ये बंद झालं, ड्राफ्टमध्ये अजून "कार्यरत आहे".