वचन धरून चालायचं म्हणजे नेमकं काय करायचं

माझी सगळी नोकरी करारनामे आणि खरेदीखतं तपासण्यात गेली. कागद हातात आला की आधी बघायचं: लिहून कोण देतंय, कोणाला देतंय, कशाबद्दल, कोणत्या अटीवर आणि कधीपर्यंत. निवृत्तीनंतर आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, नव्या विश्वासणाऱ्यांचा बायबलचा अभ्यास माझ्याकडे आला, तेव्हा ही सवयही सोबत आली. तरुण मुलांना ती सुरुवातीला रूक्ष वाटते. "ताई, देवाच्या वचनाची अशी चिरफाड करायची का?" असं विचारतात. मी म्हणते, ज्याच्या शब्दावर अख्खा जन्म टाकायचा, त्यानं शब्द नेमका काय दिलाय हे बघायला नको?

म्हणून पहिलं काम हे. बायबलमध्ये देवाचं वचन, म्हणजे त्यानं दिलेला शब्द, मिळाला की ती ओळ सुटी उचलू नका, अख्खा अध्याय वाचा. जमलं तर आधीचा आणि नंतरचाही.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ घ्या. देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे वचन भिंतीवर, कॅलेंडरवर, वाढदिवसाच्या कार्डावर सगळीकडे असतं. पण ते लिहिलंय एका पत्रात, आणि पत्र गेलंय बाबेलात (बॅबिलोनात) बंदिवान म्हणून नेलेल्या यहूदी लोकांना. त्याच्या वरच्याच ओळीत मुदत आहे: ७० वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती. मग त्यांनी करायचं काय? तेही पत्रातच आहे. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या कल्याणासाठी खटपट करा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याच्या आधीच्या, २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. तो लोकांना सांगतो, दोनच वर्षं थांबा, सगळं परत येईल. ऐकायला हनन्या कितीतरी गोड आहे. पण त्याला देवानं पाठवलेलं नव्हतं, आणि त्याच वर्षी तो मेला.

मी नव्या मंडळींना हे दोन अध्याय सलग वाचायला लावते आणि मग एकच प्रश्न विचारते: तुम्ही मनात धरलेलं वचन यिर्मयाचं आहे की हनन्याचं?

दुसरा प्रश्न, हे वचन कोणाला दिलंय? म्हाताऱ्या, निपुत्रिक अब्राहामाला मुलगा होईल हे त्यालाच सांगितलं होतं. प्रत्येक निपुत्रिक जोडप्याला नाही. हे मी ठासून सांगते, कारण या एका गल्लतीपायी चांगली माणसं आपल्याच विश्वासाला दोष देत बसलेली मी पाहिली आहेत. याउलट, मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही, हे मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याला मिळालेलं वचन. इब्री लोकांस पत्राचा लेखक १३व्या अध्यायात ते सर्व विश्वासणाऱ्यांपुढे ठेवतो, तेव्हा तुम्ही ते बिनधास्त धरावं. मात्र तो ते कुठे ठेवतो तेही बघा. द्रव्यलोभ सोडा, जवळ आहे त्यात समाधान माना, कारण देव म्हणाला आहे की… असं. वचन आणि आपलं काम एकाच वाक्यात आहेत. आपण पाठ करताना अर्धंच वाक्य करतो.

आणि नुसती ओळ म्हणता आली म्हणजे ती आपल्या बाजूनं झाली असंही नाही. मंदिराच्या शिखरावर सैतानानं येशूपुढे ९१वं स्तोत्रच म्हटलं होतं, देवदूत तुला हातांवर झेलतील म्हणून. येशूनं उत्तर दिलं तेही शास्त्रातूनच: देवाची परीक्षा पाहू नकोस.

वचनात काय नाही, तेही लिहा

यासाठी प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७, यासारखा दुसरा धडा मला माहीत नाही. येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून तारवातून (जहाजातून) रोमला चाललाय. वादळ इतकं की कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. देवदूत रात्री येऊन त्याला सांगतो, भिऊ नको, तुला कैसरापुढे (रोमच्या सम्राटापुढे) उभं राहायचं आहे, आणि तुझ्याबरोबरचे सगळे तुला दिले आहेत. पौल सकाळी उठून सर्वांना सांगतो: कोणाच्याही जिवाचा नाश होणार नाही, फक्त तारू जाईल.

हा "फक्त" अधोरेखित करा. तारू वाचेल असं वचन नव्हतंच. माणसं वाचतील, तारू बुडेल. आपण बहुतेक वेळा तारवासाठी प्रार्थना करतो, वचन माणसाचं असतं, आणि तारू फुटलं की म्हणतो देवानं शब्द पाळला नाही.

पुढे आणखी महत्त्वाचं आहे. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा संशय येतो. खोली मोजायची बुडीद दोरी टाकून पाहतात: २० वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांइतकं अंतर), थोडं पुढे गेल्यावर १५ वाव. तेव्हा नाळीकडून, म्हणजे तारवाच्या पुढच्या टोकाकडून, नांगर टाकायच्या मिषानं ते होडी खाली सोडून पळायला बघतात. पौलाजवळ तर देवाचं पक्कं वचन आहे. तो गप्प बसू शकला असता. पण तो शताधिपतीला (शिपायांच्या अधिकाऱ्याला) आणि शिपायांना सांगतो, हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई दोर कापून होडी सोडून देतात. मग पौल सर्वांना पोटात काही घाला म्हणून आग्रह करतो, २७६ माणसं खातात, उरलेला गहू समुद्रात टाकून तारू हलकं करतात. शेवटी पोहता येणारे उड्या टाकतात, बाकीचे फळ्यांवर आणि तुकड्यांवर किनाऱ्याला लागतात. सगळे.

वचन पुरं झालं, पण वाटेत दोर कापावा लागला, जेवावं लागलं, पोहावं लागलं. "देवानं सांगितलंय ना, मग आपण कशाला?" असं म्हणणाऱ्याला मी वाद न घालता हा अध्याय मोठ्यानं वाचायला देते.

वही कशी ठेवायची

साधी रेघांची वही चालते. डाव्या पानावर वचन, संदर्भ आणि तारीख. खाली माझे पाच प्रश्न: कोणी दिलं, कोणाला, कशाबद्दल, अट काय, मुदत सांगितलीय का. मुदत बहुतेक ठिकाणी नसते. नसेल तर "नाही" असं लिहा, स्वतःच्या मनातली घालू नका. कागदात नसलेली तारीख कोणी मागून घुसवली तर नोकरीत मी तो कागद परत पाठवत असे.

उजव्या पानावर फक्त माझं काम, आणि ते या आठवड्यात करता येईल इतकं लहान. "देवावर जास्त भरवसा ठेवीन" हे काम नव्हे, ते कोणालाच तपासता येणार नाही. समजा, देव तुमची गरज पुरवील हे फिलिप्पैकरांस पत्र ४:१९ तुम्ही धरलंय. उजवीकडे असं येईल: देणं कोणाकोणाचं आहे त्याची यादी करणं, ज्याचं थकलंय त्याला स्वतःहून फोन करून खरं सांगणं, आणि मदत मागायची तर कोणाकडे, ते नाव. त्याच अध्यायात पौल फिलिप्पैकरांनी पाठवलेल्या मदतीबद्दल बोलतोय. देवानं पौलाची गरज पुरवली ती माणसांच्या हातून, आणि पौलानं ते मोकळेपणानं मान्य केलं.

आजारपणात उजव्या पानावर औषधाच्या वेळा येतात. हसू नका. प्रार्थना केली म्हणून गोळ्या बंद करण्याला काही लोक विश्वास समजतात. पौलानं आपला सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यासाठी उपाय सुचवला आणि दुसरा सोबती त्रफिम याला आजारी म्हणून मिलेत शहरात मागे ठेवलं. त्याचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका, आणि कोणी थांबवायला सांगत असेल तर पाळकांच्या कानावर घाला.

पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, पहिल्याच अध्यायात, हीच डावी-उजवी बाजू आहे. चौथ्या ओळीत मौल्यवान वचनं मिळाल्याचं सांगतो आणि लगेच पाचव्यात म्हणतो, म्हणूनच होईल तितका प्रयत्न करून विश्वासात भर घाला. सात गोष्टींची यादी देतो. सगळ्या एकदम घेऊ नका. मला स्वतःला "इंद्रियदमन" सर्वांत उपयोगाचं वाटतं, कारण माझी जीभ तिखट आहे.

प्रार्थना करताना हीच वही उघडी ठेवा आणि देवाला त्याचाच शब्द परत म्हणून दाखवा. यात उद्धटपणा नाही. नाथान संदेष्ट्याकडून आपलं घराणं टिकेल हे वचन ऐकल्यावर दावीद राजा आत जाऊन बसला आणि म्हणाला, तू बोललास तसं कर. बाबेलात बंदिवान असलेल्या दानीएलानं यिर्मयाच्या ग्रंथात ती ७० वर्षं वाचली. मुदत भरत आली म्हणून तो निवांत बसला नाही. उपास करून, गोणपाट नेसून आपल्या लोकांच्या पापांची कबुली देत प्रार्थनेला लागला.

लांबणीवर पडलं तर

इथे घाईघाईनं सल्ला देणारे खूप भेटतील. मी दोनच गोष्टी सांगते.

एक, देवाच्या वतीनं आडवाट काढू नका. अब्राहाम निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा. मधे, ८६व्या वर्षी, घरातली दासी हागार हिच्यापासून इश्माएल झाला. ती योजना त्याची बायको सारा हिची, अब्राहामानं मान डोलावली, आणि भोगलं सगळ्यात जास्त हागारेनं, जिला कोणी विचारलंच नव्हतं. आपल्या अधीरपणाची किंमत बहुतेकदा घरातलं सर्वांत दुबळं माणूस मोजतं. म्हणून वाट बघून थकलात आणि अचानक एखादा "मार्ग" दिसला, तर आधी विचारा: यात भरडलं कोण जाणार?

दुसरं, तक्रार देवाकडेच करा. १३व्या स्तोत्रात दोन ओळींत चार वेळा "कोठवर" येतं. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळसुद्धा नाही, तरी ते उपासनेच्या पुस्तकात आहे. आजारी मुलाला घेऊन आलेल्या ज्या बापानं येशूला सांगितलं, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, त्याचा मुलगा बरा झालाच. शंका आली म्हणून वही बंद करू नका. शंका तारखेसकट डाव्या पानावर लिहा.

कालेब मला फार आवडतो. मोशेनं देवानं देऊ केलेल्या देशात हेर म्हणून धाडला तेव्हा ४०चा, आपला डोंगराळ मुलूख मागायला उभा राहिला तेव्हा ८५चा. मधल्या ४५ वर्षांतला मोठा काळ रानात, ज्यांनी वचन नाकारलं त्यांच्याच सोबतीनं गेला. आणि मागितलं काय, तर अजून लढाई बाकी असलेला भाग.

जबाबदारी घ्यायची ती कोणती

इथे लोक एकदम प्रवचनावर उडी मारतात. मी नवीन माणसाला खुर्च्या मांडणं, हजेरी ठेवणं, दोन आठवडे न आलेल्यांना फोन करणं ही कामं देते. लहान गोष्टीत विश्वासू तो मोठ्या गोष्टीत विश्वासू, हे लूक १६ मधलं येशूचं म्हणणं आहे. सहा महिने हजेरी वेळेवर भरणारा माणूस मला वचन शिकवायला चालतो. उलटं चालत नाही.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असंही आहे आणि प्रत्येकानं आपला भार वाहावा असंही. तीनच ओळींचं अंतर. रोजच्या व्यवहारात मी ते असं लावते: आजारी बहिणीला दवाखान्यात नेणं माझं काम, तिनं भावाला क्षमा करायची की नाही ते तिचं. तिच्या वतीनं मी वचन धरू शकत नाही, आज्ञा पाळू शकत नाही. सोबत बसू शकते.

प्रार्थनाविषय गुप्त ठेवा. "प्रार्थना करा हं तिच्यासाठी" असं म्हणत घराघरातली भांडणं मंडळीभर फिरतात. ज्यानं सांगितलं त्याला विचारल्याशिवाय विषय तिसऱ्याकडे नेऊ नका, पाळकांकडेही. फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल तर थांबू नका. साक्ष देताना, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगताना, वहीत आहे तेवढंच सांगा. आणि दुःखात असलेल्याच्या घरी गेलात तर पहिल्या भेटीत वचन सांगू नका. सगळं गमावलेल्या ईयोबाला भेटायला आलेले मित्र सात दिवस गप्प बसले तेवढा वेळ ठीक होते; बोलायला लागले आणि चुकले.

एखादं काम सोडायची वेळ आली तर ते नीट सोपवा. किल्ल्या, हजेरीवही, अर्धवट राहिलेल्या भेटींची यादी आणि कोणाकडे कोणत्या वेळी जाऊ नये ते लिहून द्या, आणि पहिले दोन रविवार नव्या माणसाच्या मागे उभे राहा, पुढे नाही.