नव्या ॲपवर ख्याल तुटत होता, तो असा जुळवला

नवं गाण्याचं ॲप लावलं, पण त्यावर रागसंगीतातला ख्याल ऐकवेना. विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, संपता संपता आवाज विरायचा आणि त्यावरच पुढच्या द्रुतचा, म्हणजे जलद भागाचा, तबला चढायचा. समच (तालाची पहिली मात्रा) हाती लागायची नाही. सेटिंगमध्ये 'क्रॉसफेड' (एक गाणं विरताना त्यावरच पुढचं सुरू करणं) १२ सेकंदांवर होतं. ते शून्यावर आणलं, 'गॅपलेस' (दोन ट्रॅकमध्ये खंड न पडणं) चालू केलं, 'शफल' (क्रम उलटसुलट करणं) बंद. आता सम अगदी जागेवर येते! नाचाच्या गाण्यांना क्रॉसफेड शोभतं, रागसंगीताला अजिबात नाही.

आवाजाचा दर्जा ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट) ठेवलाय. तासाला साधारण १४४ एमबी जातात, म्हणून घरच्या वायफायवरच डाउनलोड करून घेते. शिवाय ॲप लास्ट.एफएमला जोडलं; आपण काय ऐकतो याची नोंद ठेवणारी ही वेबसाइट. ही सेवा २००२ पासूनची. उद्या ॲप बदललं, तरी काय काय ऐकलं ते तिथे राहतं.