बोट सोडून समुद्र रंगवायला बसणाऱ्यांसाठी

जळगाव-धुळ्याकडून मर्चंट नेव्हीत गेलेली आणि आता बोट सोडून चित्रं काढू पाहणारी पोरं मला विचारत असतात, समुद्र रंगवायचा कसा. इंटरमिजिएटपुरतं ड्रॉइंग आणि तैलरंगाची ओळख तुम्हाला आहे, असं धरतो.

एकच गोष्ट ऐका. क्षितिजरेषा कायम तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. वाळूवर उभं राहिलात तर क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर, आणि समोरच्या मचव्याची डोलकाठी आकाशात घुसलेली. जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर, पाण्यापासून 25 मीटर वर असाल तर तेच क्षितिज 18 किलोमीटरवर जातं, आणि तो मचवा काठीसकट पाण्याच्याच पट्ट्यात राहतो. आपण खलाशी पाणी आठवतो ब्रिजवरून आणि होडी उचलतो किनाऱ्यावरच्या फोटोतून. मग लाटा कितीही घोटा, होडी घसरतेच. मीही इथंच आपटलो. समुद्र कधी न पाहिलेल्या मामांनी चित्र बघून विचारलं, "भाऊ, हाई होडी पडी ऱ्हायनी का?"

म्हणून ब्रश उचलण्याआधी कागदाच्या कडेला डोळ्याची उंची लिहा. सारख्या मापाच्या होड्या जवळ-लांब कुठेही असोत, क्षितिज त्या सगळ्यांना एकाच जागी कापतं. कापत नसेल तर चित्र खोडा. हळहळू नका.

वय झालं म्हणून घाबरू नका. अँटन ओटो फिशर जर्मनीत 1882 साली जन्मला, पोरका झाला, कोवळ्या वयात जहाजावर गेला आणि पुढे अमेरिकेत उतरला. तिथे ए. बी. फ्रॉस्ट या चित्रकाराकडे त्याने पडेल ते काम केलं, मॉडेल म्हणून उभा राहिला, मग पॅरिसला शिकला. 1943 मध्ये, साठी ओलांडलेला हा माणूस उत्तर अटलांटिकमध्ये कॅम्पबेल या तटरक्षक जहाजावर चित्रकार म्हणून होता. त्याच फेरीत ते जहाज जर्मन पाणबुडीवर आदळलं.

गुरू असाच धरावा, ज्याच्या घरात काम करता येईल. तुमच्या कॅनव्हासवर स्वतःचा ब्रश चालवणारा गुरू मला चालत नाही.

सरावाला जळगाव जिल्ह्यातलं हतनूर धरण पुरतं, पण फक्त उंचीच्या सरावाला: एकदा वरच्या रस्त्यावरून, एकदा काठावर उकिडवं बसून. तिथल्या लाटा समुद्राच्या म्हणून खपवू नका. वाऱ्याला धावायला तिथे जागाच कमी, त्यामुळे त्या आखूड आणि खडबडीत उठतात. आणि प्रदर्शन लावून देतो म्हणत आगाऊ पैसे मागणारा भेटलाच, तर त्याला सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) काढून देणाऱ्या एजंटाइतकंच लांब ठेवा.