काचेवर कुठला रंग लावायचा? आधी वस्तू बघा, मग डबी उघडा

मागच्या श्रावणात माझ्या बहिणीने कानबाईला (आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला) येणाऱ्या पाहुण्यांसाठी सहा काचेचे ग्लास रंगवले, केळीची हिरवी पानं आणि मधे पिवळं फूल, इतकं नाजूक काम की बघत राहावं. रंग मात्र घरात पडलेले, साडीवर वापरतात ते फॅब्रिक कलर. रविवारी कानबाई बसली, रोटांचा नैवेद्य झाला, सगळ्यांनी ग्लास हातात घेऊन घेऊन पाहिले, आणि सोमवारी विसर्जन करून आल्यावर भांडी घासायला बसलो तर पहिल्याच ग्लासावरचं आख्खं पान दुधावरच्या सायीसारखं सुटून माझ्या बोटाला चिकटलं. शेजारच्या मावशी बघून म्हणे, "रंग ते निंघी गया व माय!" बहिणीला रडूच आलं. तिचा हात चुकला नव्हता, रंग चुकला होता, म्हणून हे सगळं नीट लिहितेय.

कापड, कागद, लाकूड हे रंग पिऊन घेतात, काच काहीच पीत नाही. रंग वर नुसता बसलेला असतो, त्यामुळे साधा अ‍ॅक्रिलिक किंवा फॅब्रिक कलर वाळल्यावर छान दिसतो पण पाणी आणि घासणी लागली की पापुद्रा निघतो. म्हणून दुकानात जायच्या आधी दोन गोष्टी ठरवा: ही वस्तू धुतली जाणार आहे का, आणि हिच्या मागून उजेड येणार आहे का.

उजेड येणार असेल, म्हणजे कंदील, दिव्याची बाटली, खिडकीची काच, तर पारदर्शक ग्लास कलरच घ्या, अपारदर्शक रंग लावला की मागचा दिवा मेलाच समजा. ग्लास कलर दोन प्रकारचे मिळतात, सॉल्व्हंट बेस्ड आणि वॉटर बेस्ड. सॉल्व्हंटवाल्याची चमक खरंच रंगीत काचेसारखी येते आणि तो काचेला धरूनही जास्त राहतो, पण वास उग्र असतो, ब्रश पाण्याने धुतला जात नाही (थिनर किंवा टर्पेंटाइन लागतं), आणि ओला असताना गॅस, उदबत्ती, निरांजन जवळ चालत नाही, खिडक्या उघड्याच ठेवायच्या. लहान मुलं सोबत बसणार असतील तर सरळ वॉटर बेस्ड घ्या. चमक थोडी कमी येईल, शोपीसला काही फरक पडत नाही, फक्त ओल्या फडक्याने पुसायचं, नळाखाली धरायचं नाही.

ह्या रंगासोबत लायनर, म्हणजे चित्राची बाहेरची रेघ काढायचा घट्ट रंग, लागतोच. नळीतून लायनरची रेघ काढायची, ती पूर्ण वाळू द्यायची, मग आतल्या कप्प्यात रंग सोडायचा. रेघ कुठे केसभरही तुटली असेल तर तिथून लाल रंग पिवळ्यात जाणारच, त्यामुळे वाळल्यावर काच उजेडाकडे धरून रेघ तपासा. रंग ब्रशने घोटायचा नाही, थेंब सोडून ढकलत ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायचा, बुडबुडा आला तर लगेच टाचणीने फोडायचा. बाटली गोल असते आणि रंग ओघळतो, त्यासाठी मी जुन्या साडीच्या दोन चुंबळी करते आणि बाटली त्यावर आडवी ठेवते, वरची बाजू रंगवायची, वाळली की फिरवायची, घाई केली की खाली गाठी जमतात.

आपल्याकडचा उन्हाळा इथे आडवा येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास गेला की रंग ब्रशवरच घट्ट व्हायला लागतो, वर साय धरते आणि आत ओला राहतो. सकाळी नवाच्या आत काम आटपा, आणि लवकर वाळावं म्हणून गच्चीवर उन्हात ठेवू नका, वाऱ्यासोबत येणारी धूळ ओल्या रंगात जी बसते ती बसतेच.

आता धुवायच्या वस्तू, ग्लास, कप, बरण्या. ह्यांना भाजून पक्के होणारे रंग लागतात, लेबलवर काच आणि सिरॅमिकसाठी असं लिहिलेलं असतं आणि तापमानही दिलेलं असतं. पेबेओ ह्या फ्रेंच कंपनीच्या रंगांच्या तर नावातच आकडा आहे, व्हिट्रेआ १६० हा १६० अंशाला ४० मिनिटं भाजायचा, पोर्सेलेन १५० हा १५० अंशाला ३५ मिनिटं. रंगवून एक दिवस वाळू द्या, ग्लास थंड ओटीजीत (घरच्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) ठेवून मग ओटीजी चालू करा, तापमान गाठल्यावर वेळ मोजा, आणि झाल्यावर दार न उघडता आतच थंड होऊ द्या, गरम काचेला एकदम वारा लागला की तडकते. हे काम मायक्रोवेव्हमध्ये होत नाही.

आणि हे मनापासून सांगते, रंग फक्त बाहेरून लावा आणि काठापासून दोन सेंटीमीटर जागा कोरी सोडा, जिथे ओठ लागतो तिथे रंग नको. डबीवर नॉन टॉक्सिक लिहिलं म्हणजे तो अन्नाला लागलेला चालतो असं होत नाही.

घरात गेटसाठी आणलेला ऑइल पेंट असेल तर तो काचेला धरतो, बाहेर टांगायच्या मनीप्लांटच्या बाटल्यांना चालून जातो, पण वाळायला वेळ खातो आणि पांढरा पुढे पिवळट पडतो.

रंग कुठलाही असो, काच आधी साबणाने धुवा, कोरडी करा, मग कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसा आणि नंतर रंगवायच्या जागी बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणा राहिला तिथूनच रंग सुटतो. पूर्ण सेट रंगवायच्या आधी एका रिकाम्या बाटलीवर पट्टा ओढून बघा, लेबलवर दिलेली वाळायची मुदत झाली की नखाने खरवडून बघा.

बहिणीकडे फॅब्रिक कलर उरलेच होते. ते फेकायचे नाहीत, तिने आता देव्हाऱ्याच्या फ्रेमची काच मागच्या बाजूने रंगवायला घेतलीय, तिथे पाणीही लागत नाही आणि घासणीही नाही. ह्यात क्रम उलटा असतो, आधी डोळे, कुंकू, दागिने, मग चेहरा, मग साडी आणि सगळ्यात शेवटी मागचा रंग. काल तिची कानबाईची नथ रंगवून झालीय, आज चेहऱ्याचा रंग भरायचाय.