बाण न सोडायला आधी शिकवा

मंडळी, मैदानावर हल्ली जी नवीन पोरं धनुष्य शिकायला येतात त्यातली बरीचशी यूट्यूबवर अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीचे व्हिडिओ बघून येतात, आणि पहिल्याच दिवशी विचारतात, सर आपल्याकडे कुठे जायचं? त्यांना हसू नका. सरळ सांगा की १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे, सांबर असो की चितळ, आणि आरेतल्या झाडावरच्या पक्ष्यावर नेम धरणंसुद्धा त्यातच येतं. पण तिकडचा चांगला शिकारी जे पाळतो ते इथे टार्गेटसमोरही पाळता येतं.

काय पाळतो तो? हरीण आडवं उभं असेल, मध्ये फांदी नसेल आणि अंतर रोजच्या सरावातलं असेल तरच बाण सोडतो, कारण बाण कापत जातो, छातीच्या जागी नाही बसला तर ते जनावर तासन्‌तास तडफडत फिरतं. लागल्यावर पण लगेच मागे धावत नाही, अर्धा तास तरी गप्प बसतो आणि मग रक्ताचा माग काढतो. जरा शंका आली की ओढलेली दोरी हळूच परत आणतो.

हे परत आणणंच पहिलं शिकवा. ओढायला १८-२० पाउंड जोर लागणारं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य) द्या, भारी कंपाउंड (चाकं लावलेलं धनुष्य) अजिबात नको, चार-पाच मीटरवर उभं करा आणि टार्गेटवर फेस, म्हणजे रंगीत वर्तुळांचा कागद, लावूच नका. दहा वेळा हनुवटीखाली हात टेकेपर्यंत ओढायला लावा, त्यात मधूनच तुम्ही 'उतरव' म्हणालात की धनुष्य टार्गेटकडेच ठेवून दोरी हळू पुढे न्यायची. बाण न लावता ओढलेली रिकामी दोरी मात्र कधीच सोडू देऊ नका, धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्या (लिम्ब्ज) तडकतात.

आमच्याकडे भांडुपहून एक मुलगा येतो, एकदा ३० मीटरवर पूर्ण ओढून उभा होता, कोपर थरथरायला लागलं, सगळे बघतायत म्हणून सोडणारच होता, पण थांबला, उतरवलं, खांदे सैल केले आणि परत ओढलं. मी तिथेच सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. दहा गुणांच्या वर्तुळात लागलेल्या बाणाचं कौतुक सगळेच करतात हो, न सोडलेल्याचं आपणच करायला हवं.

शिट्ट्या पाठ करून घ्या, दोन म्हणजे लाइनवर, एक म्हणजे सुरू, तीन म्हणजे बाण काढायला, आणि पाच वाजल्या की असाल तसे उतरवा. बाण काढताना मागे कोणी नाही ना ते बघायचं, मागचं टोक डोळ्यात जातं. लोकलमध्ये धनुष्य दोरी उतरवून बॅगेत. एका जुन्याने एकच नवा घ्यायचा आणि दिवसाला एकच चूक सांगायची, सात सांगितल्या की पोरगं पुढच्या रविवारी येत नाही.

आणि यातलं कोणी शिकायला अमेरिकेला गेलं आणि त्याला तिथे कायदेशीर शिकार करायचीच असेल, तर आधी तिथला धनुष्य-शिकारीचा कोर्स, मग लायसन्स, आणि पहिला सीझन एखाद्या जुन्या शिकाऱ्यासोबत नुसतं बघायला जा म्हणावं, धनुष्य घरी ठेवून.