अमेरिकेत हॉस्पिटलमध्ये मराठी इंटरप्रिटर कसा मागायचा

आई-बाबा तिकडे राहायला असतील आणि इंग्रजी जमत नसेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, मराठी इंटरप्रिटर (दुभाषी) पाहिजे. मराठीच म्हणा हं, नाहीतर सरळ हिंदीवाला जोडून देतात. पैसे पडत नाहीत. मेडिकेअर, मेडिकेड (म्हाताऱ्यांसाठी आणि कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजना) यांसारखा केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला अफोर्डेबल केअर ॲक्ट या तिथल्या आरोग्य कायद्याचं कलम १५५७ लागू होतं, म्हणजे वंश, रंग, मूळ देश, लिंग, वय, अपंगत्व यावरून भेदभाव चालत नाही, आणि भाषेची सोय न करणं हे मूळ देशावरून भेदभावातच मोडतं.

"तुमचा माणूस घेऊन या" असं ते सांगू शकत नाहीत, आणि लहान नातवाला मध्ये बोलायला लावणं तर इमर्जन्सी सोडून चालतच नाही (आपल्याकडे मात्र सर्रास नातूच बोलतो).

नाही म्हणाले तर कोण, कधी, काय बोललं ते लिहून ठेवा, आधी हॉस्पिटलच्या पेशंट ॲडव्होकेटशी (वकील नव्हे, पेशंटच्या तक्रारी बघणारा हॉस्पिटलचाच माणूस) बोला, बऱ्याचदा तिथेच मिटतं. नाहीच मिटलं तर अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे (नागरी हक्क कार्यालयाकडे) १८० दिवसांत ऑनलाइन तक्रार करा, वकील लागत नाही.