जलरंगांकडे परतताय? "हात गेला" म्हणण्याआधी या चुका टाळा

अकरा वर्षांनी ब्रश हातात घेतला तो मार्गशीर्षातल्या एका रविवारी, कोल्हापुरात, रंकाळा तलावाच्या काठावर. समोर तलावातला दगडी संध्यामठ, पाण्यावर विरळ धुकं. आकाशाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टाकला आणि त्यात देवीचे व्रण असावेत तसे गडद ठिपके उठले. दुसरा कागद घेतला, तेच. घरी येऊन सांगून टाकलं, "माझा हात गेला." पुढचे सहा महिने रंगांची पेटी उघडली नाही. बिघडला होता तो कागद, हे फार उशिरा कळलं. ते सहा महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

माळ्यावरचा जुना कागद तसाच वापरणं

परतणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. जलरंगाच्या कागदाला जिलेटीनसारख्या पदार्थाचं साइझिंग केलेलं असतं. त्यामुळे पाणी वर थांबतं आणि रंग खेळवायला वेळ मिळतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा किती दमट असते ते सांगायला नको. असे दहा पावसाळे खाल्लेल्या कागदाचं साइझिंग जागोजागी मरतं आणि तिथे रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो.

तपासायला एक मिनिट लागतं. कोपऱ्यावर नुसत्या पाण्याचा पट्टा ओढा आणि कागद उजेडात तिरका धरा. ओली चमक सगळीकडे सारखी टिकली तर कागद चांगला. मध्येच निस्तेज ठिपके दिसले तर तो पेन्सिल आणि कोळशासाठी ठेवा, जलरंगाला नवा आणा. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, जमलं तर कॉटनचा. महाग पडतो, मान्य. पण 22 × 30 इंचांच्या एका शीटचे आठ तुकडे होतात, म्हणजे आठ रविवार. नवा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, कपाटात आडवा ठेवा. माळ्यावर पुन्हा नको.

वाळलेल्या ट्यूबा फेकून देणं

जलरंगातला डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. ट्यूब उभी कापा, रंगाचा खडा पॅलेटच्या खणात ठेवा, पाण्याचे चार थेंब आणि ग्लिसरीनचा एखादा थेंब टाकून रात्रभर राहू द्या. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तरच टाकून द्या. अ‍ॅक्रिलिकचं मात्र असं होत नाही, ते वाळलं की संपलं.

ताठ झालेले ब्रश कोमट पाण्यात आणि साबणात हळूहळू सोडवा. कढत पाण्याने पत्र्यातला गोंद सुटतो आणि केस गळायला लागतात.

पहिल्याच दिवशी पंचगंगा घाट

देवळं, दीपमाळा, पायऱ्या, प्रतिबिंबं, सगळं एका चित्रात हवं असतं. मीही हेच केलं. शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत मिळालेली ग्रेड अशा वेळी फार आठवते! त्यापेक्षा पहिला महिना दोनच रंग घ्या: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना. दोन्ही मिसळले की घाटाच्या काळ्या दगडाचे करडे रंग मिळतात, निळ्याकडे झुकणारे थंड आणि तांबूस ऊबदार. एकच दीपमाळ काढा. उजेडाची बाजू, सावलीची बाजू, बस्स.

हवा न बघता काम करणं

पावसाळ्यात वॉश वाळता वाळत नाही. अर्धवट ओल्यावर पाणीदार ब्रश लागला की फुलकोबीच्या कडांसारखे डाग पडतात. बोटांची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर अजून ओल आहे, थांबा. मे महिन्यात उलटं होतं. वॉश पुरा व्हायच्या आत कड वाळून रेघ उमटते, म्हणून सकाळी लवकर जा आणि मोठा ब्रश पाण्याने भरून घ्या.

डोळ्याच्या मापाने हात मोजणं

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. आपल्या गावाला कलापूर म्हणतात. शाहू महाराजांच्या पदरी असलेले चित्रकार अबालाल रहिमान यांनी हाच परिसर रंगवला. शाहू स्मारकात प्रदर्शनं बघत आपला डोळा इतकी वर्षं वाढतच राहिला, हात तेवढा जागच्या जागी थांबला. म्हणून पहिली चित्रं आपल्यालाच इतकी वाईट दिसतात. राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या संग्रहालयात त्यांची निसर्गचित्रं बघायला जरूर जा, पण त्याच संध्याकाळी स्वतःचं चित्र काढायला बसू नका. आणि स्वतःची जुनी फाइल? पहिली दहा चित्रं होईपर्यंत तिची दोरी सोडू नका.

गेल्या महिन्यात नव्या कागदावर पुन्हा संध्यामठ काढला. आकाश एकसारखं उतरलं. काठावरची झाडं मात्र चिखल झाली, कारण पहिला हिरवा वाळायच्या आत मी त्यावर तपकिरी फिरवला. ती चूक खरंच माझ्या हाताची होती. या रविवारी नुसती झाडंच काढणार आहे, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन.